भुवयांमधल्या दोन रेघा

पंचविशीतल्या पोराला सत्तरीचा म्हातारा करायचा असेल तर मला पाऊण तास पुरतो. रंगभूषा करणाऱ्या कुणालाही विचारा, पद्धत साधारण हीच. आधी बेस लावायचा, मग नटाला सांगायचं, ‘कपाळाला आठ्या घाल.’ आठ्या पडल्या की त्या खाचांमधून तपकिरी पेन्सिल फिरवायची. मग ‘डोळे बारीक कर’, मग ‘दात दाखवून हस’. चेहरा स्वतःच रेघ आखून देतो, आपण फक्त गिरवायची. रेघेच्या कडेला उजळ रंगाचा हलका हात, बोटानं पुसट करायचं, वरून पावडर. हातभर अंतरावरून हे भयंकर दिसतं, दहाव्या रांगेतून आजोबा दिसतात. कॅमेऱ्यासमोर ही लबाडी चालत नाही. तिथे कातडी ताणून धरायची, पातळ लेटेक्स स्पंजानं टिपायचं, वाळवायचं, पावडर मारायची आणि ताण सोडायचा. कातडी चुणते आणि बघता बघता वीस वर्षं चढतात.

हे सगळं सांगायचं कारण, सुरकुत्या हा माझा रोजीरोटीचा माल आहे. श्रीराम लागूंनी १९७० साली ‘नटसम्राट’मधले अप्पासाहेब बेलवलकर उभे केले तेव्हा ते ४३ वर्षांचे होते, म्हातारपण पेन्सिलीत कमी आणि मानेत, खांद्यांत, पावलांत जास्त असतं हे आमच्या धंद्यात सगळे जाणतात. तरी प्रेक्षक पहिल्यांदा बघतो तो चेहराच. कुठली रेघ काय बोलते ते मला पाठ आहे. डोळ्यांच्या कडेला फुटलेल्या रेघा काढल्या की माणूस मायाळू दिसतो. ओठांचे कोपरे खाली ओढले की आयुष्यानं नाडलेला. आणि दोन भुवयांच्या मधे दोन उभ्या रेघा मारल्या, की खाष्ट सासू तयार.

नेमक्या त्याच दोन रेघा पन्नाशीनंतर माझ्या स्वतःच्या कपाळावर कायमच्या बसल्या. चेहरा सैल सोडला तरी त्या जाईनात. रंगपटात नवीन मुलं खुर्चीत बसताना चाचपडायला लागली. ‘ताई, काही चुकलं का?’ बंगलोरला असलेली मुलगी व्हिडिओ कॉलवर पहिलं वाक्य म्हणायची, ‘आई, तू चिडलीयेस का?’ मी चिडलेली नसायची. पण दहादा विचारल्यावर अकराव्यांदा खरोखरच चिडायची, आणि मग त्या रेघा खऱ्या ठरायच्या. डोळ्यांखालच्या जाळीचं किंवा नाकापासून ओठांपर्यंत उतरलेल्या घड्यांचं मला काही नव्हतं. त्या वयाच्या होत्या, वय खरं होतं. या दोन रेघा मात्र माझ्याबद्दल खोटं सांगत होत्या.

घरात या विषयावर जे व्हायचं ते झालं. वहिनीनं मसूरडाळीचा लेप सुचवला. आईनं आयुष्यभर साय आणि हळदीशिवाय काही लावलं नाही याची आठवण मावशीनं करून दिली. नवरा म्हणाला, ‘मला तर काही दिसत नाही,’ आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. एका मैत्रिणीनं तिच्या पार्लरमध्ये ‘बोटॉक्स फेशियल’ मिळतं असं सांगितलं. त्या फेशियलमध्ये बोटॉक्स नसतं, आणि असलं तर ते आणखी वाईट, हे मला नंतर कळलं.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञ गाठली. मुलीच्याच वयाची डॉक्टर. तिनं पहिल्याच वाक्यात मला ‘काकू’ म्हटलं. सुरकुत्या घालवायला आलेल्या बाईला काकू म्हणणाऱ्या डॉक्टरवर विश्वास ठेवायला हरकत नाही, असं मी मनात ठरवलं. निदान ही गोड बोलून माल खपवणारी नव्हती.

तिनं माझ्या हातात आरसा दिला आणि मी नटांना जे सांगते तेच मला सांगितलं. आठ्या घाला. भुवया उंच करा. डोळे घट्ट मिटा. आता चेहरा सैल सोडा. हालचालीत दिसणारी सुरकुती आणि चेहरा स्थिर असतानाही राहणारी सुरकुती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिनं समजावलं. रिचर्ड ग्लोगाऊ या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञानं केलेली चार पायऱ्यांची एक मोजपट्टी आहे. पहिल्या पायरीवर सुरकुत्या जवळपास नाहीत, दुसरीवर चेहरा हलला की दिसतात, तिसरीवर न हलताही दिसतात, चौथीवर सुरकुत्यांखेरीज काही दिसत नाही. माझं कपाळ तिसरीत आणि बाकीचा चेहरा दुसरी-तिसरीच्या मधे निघाला. शाळेनंतर इतक्या वर्षांनी इयत्ता मिळाली.

मग तिनं विचारलेला प्रश्न मला अगदीच अनपेक्षित होता. ‘काकू, चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासलात?’ मी दिवसभर वीतभर अंतरावरून लोकांच्या पापण्या रंगवते. जवळचं दिसायला त्रास होऊ लागला तसा मी डोळे बारीक करून, भुवया जवळ ओढून काम करत होते. भुवया आत ओढणारा स्नायू दिवसातून हजारो वेळा आवळला की वरची कातडी रोज त्याच घडीवर मोडते. ती म्हणाली, आधी चष्मा करा, उन्हात गॉगल लावा, नाहीतर मी इथे काहीही केलं तरी तुम्ही तिकडे पुन्हा घडी घालत बसाल. सुरकुत्यांच्या डॉक्टरनं मला पहिल्यांदा धाडलं ते चष्म्याच्या दुकानात.

दुसरा प्रश्न पुण्यातल्या बाईला विचारायचाच असतो. स्कूटर चालवता का, आणि स्कार्फ कधीपासून? चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळून, कोपरापर्यंत मोजे चढवून गाडीवर जाणाऱ्या आमच्या मुलींची बाहेरचे लोक चेष्टा करतात. डॉक्टरांचं मत वेगळं होतं. चेहऱ्याच्या म्हातारपणाचा मोठा वाटा उन्हाचा असतो. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०१२ साली छापलेला एक फोटो तिनं दाखवला. ६९ वर्षांचा अमेरिकन ट्रकड्रायव्हर, २८ वर्षं मालाची गाडी चालवलेला. चेहऱ्याची उजवी बाजू वयाला साजेशी, आणि खिडकीकडची डावी बाजू उजव्या बाजूच्या बापासारखी. अतिनील किरणांपैकी यूव्हीबी काचेत बऱ्यापैकी अडतात, पण सुरकुत्या पाडणारे यूव्हीए काचेतून आत येतात. मला आमच्या दौऱ्याच्या बसचा ड्रायव्हर आठवला. त्याचा उजवा गाल डाव्यापेक्षा काळा आणि रापलेला आहे हे मी कितीतरी वर्षं बघत होते. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून गालही उजवा.

सनस्क्रीनबद्दल माझा समज असा होता की ती गोऱ्या लोकांची चैन. डॉक्टरांनी सांगितलं, ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावात १९९२ ते १९९६ या काळात पंचावन्नच्या आतल्या नऊशेवर लोकांवर झालेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. काहींना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं होतं, बाकीच्यांना मर्जीवर सोडलं होतं. साडेचार वर्षांनंतर रोज लावणाऱ्यांच्या त्वचेवर म्हातारपणाची वाढ दिसली नाही. हे गोऱ्या कातडीवरचं झालं. आपल्या कातडीत मेलॅनिन जास्त, त्यामुळे सुरकुत्या उशिरा येतात. पण त्याआधी डाग आणि वांग येतात, आणि ते घालवणं सुरकुत्यांपेक्षा चिवट. दोन बोटांवर रेघ ओढून मावेल एवढं सनस्क्रीन चेहऱ्याला आणि मानेला, एसपीएफ ३० च्या वर, बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. हे प्रमाण ऐकून मी हबकले. आपण बायका ते कुंकवासारखं टिकली टिकली लावतो.

रात्रीसाठी तिनं ट्रेटिनॉइनचं मलम दिलं, ०.०२५ टक्क्यांचं. हे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं. मूळचं मुरमांचं औषध. फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन ते मुरमांसाठी वापरत होते. त्यांच्या वयस्क स्त्री-रुग्ण सांगू लागल्या, की मुरमं तर गेलीच पण चेहराही नितळ वाटतो. त्यातून १९८६ साली उन्हानं म्हाताऱ्या झालेल्या त्वचेवरचा त्यांचा शोधनिबंध आला, आणि १९९५ साली अमेरिकेत सुरकुत्यांसाठी या औषधाला मान्यता मिळाली. मी हे घरी येऊन मुलीला सांगितलं तेव्हा तिनं दुसरी बाजू वाचून दाखवली. याच क्लिगमननी फिलाडेल्फियातल्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर वर्षानुवर्षं त्वचेचे प्रयोग केले होते, थोड्या डॉलरांच्या बदल्यात. ते प्रयोग १९७४ साली बंद पडले. रात्री वाटाण्याएवढं मलम बोटावर घेताना मला ते कधीकधी आठवतं. आठवतं, आणि तरी मी ते लावते.

मलम लावणं हे सोपं प्रकरण नाही. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, मग संपूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढंच, डोळ्यांच्या आणि ओठांच्या कडा सोडून. सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीन रात्री. वर साधं मॉइश्चरायझर. पहिल्या महिन्यात हनुवटीची सालं निघाली, नाकाच्या बाजू लाल झाल्या, आणि रंगभूषेच्या पॅनकेकचा वास नुसता आला तरी चुरचुरायचं. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की असं होणार, घाबरून सोडू नका, हवं तर एक रात्र आड करा. गरोदर बाईनं हे लावायचं नाही, हेही तिनं न विचारता सांगितलं. क्लिनिकमध्ये येणाऱ्या प्रत्येकीला सांगते म्हणाली, कारण एक ट्यूब घरातल्या चार जणी वापरतात. हे खरंच आहे. आमच्या रंगपटात एक ट्यूब अशीच फिरत होती, ‘गोरं करणारी’ म्हणून. तिच्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड असं तिन्ही होतं. वांगासाठी डॉक्टरच्या नजरेखाली थोडे आठवडे वापरायचं औषध आमची एक मुलगी दोन वर्षं फेअरनेस क्रीम म्हणून चोपडत होती. तिचे गाल कायमचे लाल, कातडी पातळ, त्यातून शिरा दिसायला लागल्या, आणि सोडलं की आग. तिला मी डॉक्टरांकडे नेलं, तो वेगळाच लांबचा प्रवास आहे.

ट्रेटिनॉइन फळायला महिने लागतात. ते वरच्या थराची उलाढाल वाढवतं आणि खाली नवं कोलॅजन तयार व्हायला लावतं. पाळी थांबल्यावरच्या पहिल्या पाच वर्षांत बाईच्या त्वचेतलं साधारण ३० टक्के कोलॅजन जातं, त्यामुळे माझ्या वयाला ही भरपाई संथ. चौथ्या-पाचव्या महिन्यात डोळ्यांखालची बारीक जाळी विरळ झाली, गालांचा रंग एकसारखा दिसू लागला. भुवयांमधल्या दोन रेघा मात्र जागच्या जागी. मलमाला स्नायूचं काही करता येत नाही.

मग बोटॉक्सची गोष्ट निघाली. नाव ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला होता, कारण माझ्या धंद्यात मी त्याची एक बाजू पाहिली होती. मालिकेत काम करणारी एक गुणी नटी नाटकात आली. दुसऱ्या अंकात ती साठीची होते. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, ‘आठ्या घाल.’ तिनं घातल्या. काही झालं नाही. कपाळ काचेसारखं. ती म्हणाली, ‘घातल्यात ताई.’ तिच्या डोळ्यांत त्या होत्या, कपाळावर नव्हत्या. त्या रात्री मी तिच्या कपाळावर अंदाजानं रेघा काढल्या. ती बोलली की त्या हलत नव्हत्या, आणि पहिल्या रांगेला हे दिसत असणार या विचारानं मी विंगेत उभी राहून घामाघूम झाले.

डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ती हसली. म्हणाली, औषध तेच, पण किती आणि कुठे हा सगळा खेळ आहे. मग तिनं जो इतिहास सांगितला तो मी आजवर चार-पाच जणींना सांगितलाय, कारण त्यात वाजंत्री आहेत. १८९५ साली बेल्जियममधल्या एलझेल गावात अंत्ययात्रेला आलेल्या बँडवाल्यांनी खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं आणि आजारी पडले, तिघे मेले. त्या मांसातून एमिल व्हॅन एर्मेनगेम या शास्त्रज्ञानं जो जिवाणू शोधला, त्याचं हे विष. त्याच्याही आधी, १८२० च्या आसपास, जर्मनीतला जस्टिनस केर्नर नावाचा डॉक्टर सॉसेजमधून होणाऱ्या या विषबाधेचा अभ्यास करत होता आणि याचा थेंबभर औषध म्हणून उपयोग होईल असं त्यानं लिहून ठेवलं होतं. तो कवीही होता. कवी लोक काहीही लिहितात, पण हे खरं ठरलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या अ‍ॅलन स्कॉट या नेत्रतज्ज्ञानं ते तिरळेपणासाठी वापरलं आणि १९८९ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. व्हँकूव्हरमध्ये जीन कॅरदर्स ही नेत्रतज्ज्ञ पापण्या फडफडण्याच्या आजारावर हे इंजेक्शन देत असे. १९८७ च्या सुमारास एका रुग्णबाईनं भुवयांमध्येही द्या असा हट्ट धरला, कारण तिथे दिलं की चेहरा निवांत दिसतो. जीनबाईंचे यजमान अ‍ॅलस्टेअर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी स्वतःच्या क्लिनिकमधल्या रिसेप्शनिस्टपासून सुरुवात केली, १९९२ साली निबंध छापला, आणि २००२ साली नेमक्या याच दोन उभ्या रेघांसाठी अमेरिकेत बोटॉक्सला मान्यता मिळाली. सुरकुत्यांसाठी औषधाला पहिली परवानगी माझ्या तक्रारीवरच मिळालेली ऐकून मला उगाच आपलेपणा वाटला.

काम कसं करतं ते असं. मज्जातंतूचं टोक स्नायूला हुकूम देताना अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन सोडतं. हे विष त्या टोकातलं एक प्रथिन तोडतं, रसायन बाहेर पडत नाही, हुकूम पोचत नाही. स्नायू सैल. तंतूला नवीन जुळणी करायला तीन-चार महिने लागतात, मग पुन्हा आठ्या घालता येतात. कातडी भरून निघत नाही, ताणली जात नाही. फक्त घडी घालणारा गप्प बसतो.

मी म्हटलं, कपाळावरच्या आडव्या रेघांनाही थोडं द्या मग. ती नाही म्हणाली. माझ्या वरच्या पापण्या वयानं जड झाल्यात, आणि त्या उघड्या ठेवायला मी नकळत कपाळाचा स्नायू वापरते. तो सैल केला तर भुवया खाली येतील, डोळे झोपाळू दिसतील. डोळ्यांच्या कडेच्या रेघांना देता येईल, पण ते तुम्हाला हवंय का? मी नको म्हटलं. हसताना त्या रेघा फुटतात, आणि मागच्या रांगेला माणूस हसतोय हे त्यावरून कळतं. आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांशेजारी त्या मुद्दाम काढत आले, स्वतःच्या फुकट मिळालेल्या पुसायच्या कशाला?

बाकीच्या उपायांबद्दल मी विचारलं ते कुतूहलापोटी. नाकापासून ओठांपर्यंतची घडी आठ्यांनी पडत नाही. गालातली चरबी आणि खालचं हाड झिजतं, गाल उतरतो, तेव्हा ती खोल होते. तिथे फिलर भरतात, बहुधा हायल्युरोनिक अ‍ॅसिडचं, सहा महिने ते वर्ष-दीड वर्ष टिकणारं. आमच्यातल्या एकीनं ते स्वस्तात एका ठिकाणी डोळ्यांखाली भरून घेतलं होतं. खड्ड्याऐवजी निळसर गाठ आली. मी तिला पिवळ्या करेक्टरनं वर्षभर झाकत होते. मग कुणीतरी चांगल्या डॉक्टरनं हायल्युरोनिडेज टोचून ते विरघळवलं. तिला तरी नशीब म्हणायचं. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर तिथली कातडी मरते, आणि चेहऱ्याच्या धमन्या डोळ्याच्या धमन्यांशी जोडलेल्या असल्यामुळे क्वचित दृष्टीही जाते. फिलर आणि बोटॉक्स शिकलेल्या डॉक्टरकडेच करायचं याचं कारण एवढंच. सुई टोचायला कुणालाही येते, टोचल्यावर बिघडलं तर काय करायचं ते सगळ्यांना येत नाही.

कार्बन डायऑक्साइड लेझर आणि खोल पील यांवर तिनं फार वेळ घालवला नाही. आपल्यासारख्या सावळ्या कातडीला खोल जखम झाली की ती भरताना काळा डाग सोडते. हलक्या ग्लायकोलिक पीलनं उजाळा येतो, रेघ जात नाही. बारीक सुयांचं मायक्रोनीडलिंग आपल्या कातडीला त्यातल्या त्यात मानवतं, पण त्याच्या अनेक बैठका, आणि मला दौऱ्यांच्या मधे लाल चेहरा परवडणार नव्हता. लोंबणाऱ्या कातडीला खरा उपाय फेसलिफ्ट, म्हणजे प्लॅस्टिक सर्जन. १७९३ साली पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानाचं टिपूच्या सैन्यानं कापलेलं नाक इथल्याच एका कारागिरानं कपाळाची कातडी उलटवून बसवलं होतं, आणि ती हकिकत पुढच्या वर्षी लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये छापून आली. आमच्या गावाला या शास्त्राचा एवढा जुना मान आहे. माझ्या गालांसाठी तो कुणाला द्यायची गरज नव्हती.

इंजेक्शनच्या दिवशी डॉक्टरांनी पांढरी पेन्सिल घेतली आणि म्हणाली, ‘आठ्या घाला.’ दुसऱ्याची पेन्सिल माझ्या कपाळावर फिरताना मला जरा अवघडल्यासारखं झालं. भुवयांमध्ये पाच खुणा केल्या. फ्रिजमधली छोटी बाटली, तळाला दिसेल न दिसेल एवढा कोरडा थर, त्यात सलाइन. पाच जागी मिळून २० युनिटं. सुई इन्सुलिनची असते तशी बारीक. मधली टोचली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, बाकीच्या मुंगी चावावी तशा. बाहेरच्या दोन खुणा डोळ्याच्या खोबणीच्या कडेपासून सेंटिमीटरभर वर आहेत याची तिनं दोनदा खात्री केली, कारण औषध खाली उतरून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत गेलं तर काही आठवडे पापणी पडते. त्याआधी तिनं विचारलं होतं, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, स्नायूंचा काही आजार, कुठली अँटिबायोटिकं घेताय का. चार तास आडवं व्हायचं नाही, कपाळ चोळायचं नाही, दोन-चार दिवस फेशियल नाही.

बिल आलं तेव्हा आठ्या घालायचा शेवटचा मोका मी साधून घेतला. औषध युनिटवर मोजतात. २० युनिटं म्हणजे माझ्या एका प्रयोगाच्या मानधनाच्या कितीतरी पट. वर १८ टक्के जीएसटी, कारण हौसेच्या उपचारांना इतर वैद्यकीय सेवांची सूट नाही. विमा कंपनीला विचारण्यात अर्थच नव्हता. घरी मी निम्मीच रक्कम सांगितली. नवऱ्याला तीही जास्त वाटली.

तीन-चार दिवस काही नाही. मग एका सकाळी चहात साखर जास्त पडली म्हणून मी त्रासिक चेहरा करायला गेले आणि तो झाला नाही. हुकूम गेला, अंमलबजावणी नाही. दोन आठवड्यांनी चेहरा स्थिर असताना रेघा निम्म्याहून पुसट झाल्या होत्या. पूर्ण गेल्या नाहीत. इतक्या वर्षांची घडी कातडीत उतरलेली असते, स्नायू थांबला तरी तिचा वळ राहतो. तो मलमानं आणि वेळानं थोडा भरतो. नवीन चष्मा नाकावर होताच. त्यामुळे श्रेय कुणाचं किती हे मी सांगू शकत नाही.

फरक मला आरशात कमी आणि खुर्चीत बसणाऱ्यांत जास्त दिसला. नवीन मुलं खुर्चीत ऐसपैस बसून बोलायला लागली. मुलीनं व्हिडिओ कॉलवर सरळ भाजीचं विचारलं. दिग्दर्शक म्हणाले, ‘बाई, हल्ली तुमची झोप चांगली होतेय वाटतं.’ मी हो म्हटलं. एकाही माणसाला मी तरुण दिसले नाही, आणि त्यासाठी मी पैसे दिलेही नव्हते. एक तोटा मात्र झाला. पोरं वेळेवर यायची ती थोडी सैलावली. आधी मी बघितलं तरी पुरायचं, आता तोंडानं बोलावं लागतं.

चौथ्या महिन्याच्या शेवटी डाव्या भुवईला पहिल्यांदा ओढ जाणवली. उजवी अजून गप्प होती, त्यामुळे काही दिवस मी एका बाजूनं संशयी दिसत होते. डॉक्टर म्हणाली, घाई नाही, लोक दर चार महिन्यांनी आलेच पाहिजेत असं काही नसतं. सोडून दिलं तर पहिल्यापेक्षा वाईट होत नाही, जिथे होतं तिथे परत येतं. मलम आणि सनस्क्रीन मात्र चालू ठेवा. त्यांचा खर्च महिन्याला दोन नाटकांच्या तिकिटांएवढा. ते मी चालू ठेवलंय. इंजेक्शनचं दिवाळीनंतर बघू म्हटलं. तेव्हा मुंबईचे लागोपाठ प्रयोग असतात आणि मानधन एकरकमी हातात येतं.

आमच्या सध्याच्या नाटकातल्या नायिकेला हे कळलं. ती तिशीची, आणि दुसऱ्या अंकात साठीची होते. ‘ताई, मी आत्तापासूनच घेऊन ठेवू का? म्हणजे पडणारच नाहीत.’ तिला मी सांगितलं की हे नाटक चालू आहे तोवर कपाळाला सुई लावायची नाही, मला तुझ्या आठ्या लागतात. पुढचं तुझ्या डॉक्टरला विचार. सनस्क्रीन मात्र आजच आण. तिनं आणलं, आणि आता ती संध्याकाळच्या प्रयोगालाही तेच चोपडून येते. सूर्य मावळल्यावर त्याचा उपयोग नाही, आणि माझा बेस त्याच्यावरून घसरतो, हे तिला दर प्रयोगाला सांगावं लागतं.